पत्र्याचा चौथा कोपरा

"भाषण लिहून दे," सारिका म्हणाली. "माझं पहिलंच आहे. समोर सगळे म्हातारे. झोप लागणार नाही असं लिही."

मी महाडला एसटी स्टँडमागच्या एका डीटीपीच्या दुकानात काम करतो. मराठी घेऊन एम. ए. झालो. आता लग्नपत्रिका करतो, वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, श्रद्धांजलीचे फ्लेक्स करतो. शेवटच्या दोन्हींत फुलं तीच असतात. रंग बदलतो.

"विषय काय?"

"स्मशानशेड."

मी हसलो. ती हसली नाही. पिशवी टेबलावर ठेवून समोर बसली.

सारिका तुडीलची. कॉलेजात आम्ही एका बाकावर नाही, पण एका वर्गात होतो. दुसऱ्या वर्षाला तिचं लग्न झालं आणि ती आमच्याच वाडीत आली. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर जांभुळमाची आहे, तिथे. नवरा अनिल माझ्या भावकीतला. त्यामुळे महाडात मी तिला सारिका म्हणतो आणि माचीवर पाय ठेवला की वहिनी. ती मला दोन्हीकडे हृतिकच म्हणते. म्हातारे रुतिक म्हणतात.

अनिल मुंबईत गाडी चालवतो. माचीवरचे जवळजवळ सगळेच तरुण मुंबईत. वर राहिलेत ते म्हातारे, म्हाताऱ्या, आणि सारिका. पोलादपूरहून त्यांच्या गोळ्या ती आणते. रेशनच्या मशीनवर कुणाचा अंगठा उठला नाही की तिलाच बोलावतात. रविवारी संध्याकाळी फोन घेऊन घरोघर फिरते, म्हाताऱ्यांना मुलं-नातवंडं दाखवते. काही म्हातारे फोन कानाला लावतात. मग मुंबईत नातवाला फक्त आजोबांचा कान दिसतो. ती हळूच फोन सरळ धरते. एवढीच तिची राजकारणाची तयारी.

ग्रामपंचायतीची निवडणूक आली होती. आमच्या वॉर्डात बाईची जागा. आमच्याकडे मतदान होत नाही. आधी गावकी बसते, एक नाव ठरवते, तेच उभं राहतं. या वेळी वैशालीचं नाव जवळपास ठरलं होतं. तिचा नवरा मुंबईतल्या माचीकरांच्या मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाला माचीच्या वाटेवर मोठी कमान हवी होती. वर गावाचं नाव, दोन बाजूंना दोन हत्ती. म्हाताऱ्यांना हत्ती आवडले होते.

"आणि तू हत्तींच्या विरोधात स्मशान घेऊन उभी राहणार," मी म्हणालो.

"तुला लिहायचंय की नाही?"

मी कागद ओढला.

आमच्या गावकीत बोलायची एक रीत आहे. काळकाईच्या देवळात मधोमध पाट मांडतात. ज्याला विषय काढायचा असेल त्याने पाटावर सुपारी ठेवायची आणि बोलायचं. पटलं तर कोणीतरी जाणता उठून सुपारी उचलतो. पटलं नाही तर कोणीच उठत नाही. मग ज्याची त्याने परत घ्यायची, खिशात घालून घरी जायचं. तो विषय पुन्हा निघत नाही. बाईने कधी सुपारी ठेवली नव्हती. ठेवू नये असं कोणी म्हटलेलं नव्हतं. वेळच आली नव्हती.

"परत घ्यावी लागली तर?" मी विचारलं.

"सासूबाई म्हणाल्या, कनवटीला खोच नि ये."

मी पहिला मसुदा केला. 'सन्माननीय व्यासपीठ' असं लिहिलं. ती म्हणाली, व्यासपीठ नाही, पाट आहे. मी 'जीवनाच्या संध्याकाळी' लिहिलं. तिने पेन घेऊन ते खोडलं. पुढे चार रविवार आम्ही तेच करत होतो. मी लिहायचो, ती खोडायची. पण काही वाक्यं तिने ठेवली. ती वाचताना मान हलवायची. मला बरं वाटायचं. एम. ए.नंतर माझं लिहिलेलं कोणी इतकं लक्ष देऊन वाचलं नव्हतं.

एका गोष्टीवर आम्ही अडलो.

"कोणी विचारलं, बाईला यातलं काय कळतं, तर?" मी म्हणालो. खरंच होतं. आमच्याकडे मयताबरोबर बायका पऱ्यापर्यंत जातात. ओढ्याला आम्ही पऱ्या म्हणतो. पऱ्याच्या अलीकडे त्या थांबतात. जाळायची जागा पलीकडे. तिथे बाई जात नाही.

"ते मी बघते."

"माझ्या आजोबांचं सांग ना. सगळ्यांना आठवतंय."

तिने पाण्याची बाटली उघडली, पुन्हा लावली. "ते नको घालूस."

"का? माझी हरकत नाही."

"माझी आहे," ती म्हणाली. मग बाटली पिशवीत टाकत, "तुझ्या घरचं दुःख मी कशाला वापरू?"

मला ते आवडलं. मी विषय सोडला.

माझे आजोबा हैबती. आषाढात गेले. त्या आठवड्यात घाटात दरड आली होती, रस्ता बंद, फोन बंद. बाबा मुंबईत, मी एम. ए.ला पुण्यात. आम्ही चौथ्या दिवशी वर पोचलो. तोवर जाळण्याची जागासुद्धा पुरात धुऊन गेली होती. राख नव्हती. काहीच नव्हतं. भावकीतल्या कोंडाजीतात्यांनी अग्नी दिला होता. बाबांनी त्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "समदं नीट झालं." त्यापुढे ते बोलले नाहीत, बाबांनी विचारलं नाही. पण पाऊस जोरात लागला की बाबांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतात. एकदाच म्हणाले होते, "पेटलं असंल ना रे नीट?" मी हो म्हणालो होतो. मला काय माहीत होतं?

भाषणाची तालीम सारिकाच्या ओट्यावर झाली. ऐकायला तिची सासू, रखमाकाकी. काकी कडव्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मी जांभुळमाचीची सून," सारिकाने सुरुवात केली.

"ते समद्यांना ठावं हाय," काकी म्हणाल्या.

"आत्याबाई, मधी बोलू नका."

"मंग तिकडं काय समदे तोंडाला कुलूप लावून बसनार हायत? सवय कर."

सारिकाने पुन्हा सुरुवात केली. काकींनी डोळे मिटले. शेंगा सोलणं चालूच होतं. मला वाटलं झोपल्या. सारिका संपवून थांबली तेव्हा काकी डोळे न उघडता म्हणाल्या, "लई गोड हाय. म्हातारं मानूस गोड बोलनाऱ्याला भितं. साखर असते ना अंगात."

आम्ही आणखी दोन वाक्यं काढली.

बाकीची तयारी तिची होती. पांडूआप्पांना दमा, म्हणून उदबत्ती लांब लावायची. रावजीबाबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून डावीकडून बोलायचं. सभा दुपारी जेवणाआधी. जेवल्यावर कोणी जागं राहत नाही. उभं राहून बोलायचं, पण पायरीच्या खाली, म्हणजे डोकं त्यांच्या डोक्याच्या वर जाणार नाही. मी हे सगळं ऐकत होतो. मला भाषण म्हणजे शब्द एवढंच माहीत होतं.

फ्लेक्सची कल्पना दोघांची. ती म्हणाली, वर सगळ्या म्हाताऱ्यांचे फोटो टाकू, 'आशीर्वाद' म्हणून, त्यांना बरं वाटेल. सगळेच टाकतात. रविवारच्या फोनवरून तिच्याकडे सगळ्यांचे फोटो होते. मी रात्री घाईत फ्लेक्स तयार केला आणि सकाळी पहिल्या एसटीने वर नेला. देवळासमोर दोन बांबूंना बांधला. मग दोन पावलं मागे आलो आणि बघितलं.

वर ओळीने माचीचे सगळे म्हातारे, म्हाताऱ्या. प्रत्येकाच्या फोटोभोवती झेंडूची कड. ती कड आदल्या दिवशीच्या फाईलमधली होती. आदल्या दिवशी मी काय केलं होतं ते मला तेव्हा आठवलं. आणि खाली मोठ्या अक्षरात, 'सुसज्ज स्मशानशेड'.

सोडायला धावलो. तोवर बनुबाई काठी टेकत आल्या होत्या. आमच्याकडे त्यांच्याहून मोठं कोणी नाही. त्या आपल्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"रुतिक."

"हां आजी."

"मी जित्ती हाय रे अजून."

"आजी, चुकून–"

"हार घातलास तो घातलास. फोटो तरी बरा लावायचास. तोंड उघडं हाय माजं."

मागून रावजीबाबा आले. वैशालीचे सासरे. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "अनिलची बायको आमाला जाळायला निघाली व्हय? निवडनुकीपर्यंत तरी थांब म्हनावं. नाव तरी ठरू दे."

सारिका देवळाच्या दारात उभी होती. हातात सुपारी. तिने फ्लेक्स पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. ती आली, दुसऱ्या बांबूची दोरी सोडली आणि म्हणाली, "घडी कर. बोलू नकोस."

सगळे बसले. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. सभेसाठी मुंबईहून आलेली वैशाली बायकांत मागे. पाट मधोमध. सारिकाने डोक्यावर पदर घेतला, एकेकाच्या पाया पडली, पाटावर सुपारी ठेवली. लाकडावर तिचा आवाज झाला.

ती पायरीखाली उभी राहिली आणि बोलायला लागली. चांगलं बोलली. आम्ही ठेवलेली वाक्यं तिच्या तोंडी माझी वाटत नव्हती. पावसाळ्यात माचीवर माणूस गेलं तर काय होतं, ते तिने सांगितलं. लाकडं भिजलेली. वर पत्रा धरून उभं राहावं लागतं. धरायला तरुण माणूस नाही. "कमान चांगलीच आहे," ती म्हणाली. "पण आधी ही शेड करू. पंचायतीतून होते. मी मागे लागेन."

रावजीबाबा पुढे वाकले. "एक इचारू का गो पोरी?"

"विचारा ना, बाबा." ती दोन पावलं त्यांच्या डावीकडे सरकली.

"पत्रा धराया लागतो, लाकडं भिजत्यात, ह्ये तुला कुनी सांगितलं? बाईमानसाला पऱ्यापल्याडचं काय ठावं?"

"ऐकलंय, बाबा."

"ऐकलेलं आमीबी लई ऐकतो. मंडळवाले सांगतात हत्ती संगमरवरी हायत. पल्याड कधी पाय टाकलास का तू?"

कोणीतरी हसलं. आम्ही या प्रश्नाची तयारी केली होती. तिने सांगायचं होतं, 'बाबा, बाई जात नाही, पण बाईचा माणूस जातो.' वाक्य माझं होतं. तिने ते ठेवलं होतं. मी ओठांनी तिला ते सांगायला लागलो.

तिने कोंडाजीतात्यांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. देवळाच्या पायरीशी उभी होती. पुढे काळकाई. मला वाटलं ती वाक्य विसरली.

"बोल की," रावजीबाबा म्हणाले.

पाटावर सुपारी तशीच. कोणी उठेना. ती आता वाकून सुपारी परत घेईल असं मला वाटलं. वाकलीही थोडी.

"ऱ्हाऊ दे तिथंच."

पांडूआप्पा होते. भिंतीला टेकून बसलेले. त्यांना बोलायला मध्ये मध्ये थांबावं लागतं.

"तिनं टाकलाय पाय. पल्याड."

"पांडू," कोंडाजीतात्या म्हणाले.

"गप रे कोंड्या. झालं की आता." आप्पांनी श्वास घेतला. "हैबतीच्या टायमाला. आमी चार म्हातारे. त्यातले दोघं आता न्हाईत. ह्यानं अग्नी दिला नि चौघांनी चार कोपरे धरले पत्र्याचे. पाऊस असा की समोरचा दिसंना. धूर खाली बसला. माजा दमा उठला. मी पडलो. माजा कोपरा खाली आला, नि पानी सरनावर."

आप्पांनी पऱ्याच्या दिशेला हात केला.

"ही पऱ्याच्या अलीकडं उभी व्हती. माळ्यावरची सुकी लाकडं घेऊन आलेली. तिनं बगितलं. लाकडं डोक्यावर घेऊन आली पऱ्यातनं. ढोपराच्या वर पानी. लाकडं सरनावर टाकली नि माजा कोपरा धरला. आमच्या हाताला गोनपाट व्हतं. हिच्याकडं काय नाय. पत्रा तापला. मी पडल्या पडल्या सांगत व्हतो, सोड गो, सोड. सोडला नाय. पार जळून विझायला आलं तवर."

त्यांना खोकला आला. बनुबाईंनी त्यांच्यापुढे तांब्या सरकवला.

कोंडाजीतात्या बसल्या जागेवरून बोलले. हळू बोलले. "म्या सांगितलं व्हतं कुनी बोलायचं नाय. बाई पल्याड गेली म्हनलं की गावकी रखमाच्या घराला बोलनार. नि हैबतीच्या पोराला वाटनार, बापाचं इपरीत झालं. पोरीनं शब्द दिला. तिनं पाळला. आमीच–" पुढचं त्यांनी सोडून दिलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. का ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं. हैबती माझे आजोबा होते.

सारिकाच्या उजव्या तळव्यावर एक डाग आहे. आडवा, चकचकीत. कॉलेजात नव्हता. मी एकदा विचारलं होतं. तवा लागला, म्हणाली होती. दुकानात चार रविवार त्याच हाताने ती माझी वाक्यं खोडत होती. मी समोर बसून तिला विचारत होतो, तुला यातलं काय माहीत.



"ती सुपारी हिकडं दे," रावजीबाबा म्हणाले.

कोंडाजीतात्या अर्धे उठले होते. ते थांबले. रावजीबाबा स्वतःच गुडघ्यावर हात देऊन उठले, पाटाजवळ आले. वाकायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं ते ती सारिकाच्या हातात परत ठेवणार. त्यांनी सुपारी उचलली, बोटांत फिरवली.

"त्या पावसात मी मुंबैला व्हतो पोराकडं," ते म्हणाले. "न्हाईतर एक कोपरा माजा असता." मग सगळ्यांकडे तोंड करून, "माजा जल्म आषाढातला. जानारबी आषाढातच. कमानीखालनं मला वाजत न्याल नि पावसात ठेवाल. हत्ती काय पत्रा धरनार हायत?"

बायकांच्या बाजूने वैशालीचा आवाज आला. "मामंजी पहिल्यांदा बरोबर बोलले." सगळे हसले. रावजीबाबांना ते डाव्या कानाने ऐकू आलं. तेही हसले.

सुपारी उचलली म्हणजे विषय झाला, नाव ठरलं. उचलणाऱ्याने ती फोडून वाटायची असते. रावजीबाबांनी तोंडात टाकली आणि लगेच बाहेर काढली. "दात हायत कुनाला?" कुणालाच नव्हते. बनुबाईंनी पिशवीतून छोटा खलबत्ता काढला. त्या कुठेही जाताना तो बरोबर नेतात. देवळात बसून त्यांनी सुपारी कुटली. चिमूटभर चिमूटभर सगळ्यांच्या हातावर ठेवली. माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "तो तुजा फ्लेक्स टाकू नको. लाकडं झाकाया ठेव. शेड होईपर्यंत."

"आजी, त्यावर तुमचा फोटो आहे."

"मंग काय झालं? राखन करीन."

सारिकाच्या हातावर त्यांनी शेवटी ठेवली. डागाच्या हातावर. आणि तो हात तसाच धरून थोडा वेळ बसल्या.

पांगापांग झाल्यावर मी जांभळाखाली गेलो. तिथे रेंज नीट येते. बाबांना फोन लावला. ते ड्युटीवर होते. पांडूआप्पांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत सांगितलं. माझे नव्हतेच.



"ती हाय का तिथं?" बाबांनी विचारलं.

सारिका समोरच ओट्यावर फ्लेक्सची नीट घडी घालत होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिने पदर सावरला. बाबा नात्याने तिचे सासरे लागतात. ती उभी राहिली.

"हां, मामा," ती म्हणाली. मग ऐकत राहिली. बाबा काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. खूप वेळ बोलत होते. बाबा एवढं कधी बोलत नाहीत.

"नाही हो, मामा," ती एकदा म्हणाली. "त्यात काय."

पुन्हा ऐकत राहिली. मग बाबांनी काहीतरी विचारलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर पऱ्याच्या दिशेला वळवली.

"हो, मामा," ती म्हणाली. "नीट पेटलं होतं. मी तिथेच होते."